पिनकोड पाठ असलेला मेंढपाळ

आमच्या घरचा नाताळ दिवाळीतच सुरू व्हायचा. म्हणजे दिवाळीत आई घरी नसायची, तिथून.

आई महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स. भायखळ्याच्या आमच्या चाळीत तिला नावाने कुणीच हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांची ती ‘सिस्टर’. श्रावण लागला की तिच्या वॉर्डात ड्यूटी चार्टावरून घासाघीस सुरू व्हायची. कुणाला गौरी-गणपतीला कोकणात जायचं असायचं, कुणाच्या लेकीची पहिली दिवाळी असायची, कुणाचा भाऊ भाऊबीजेला परगावाहून यायचा असायचा. आई सगळ्यांना हो म्हणायची, एकाच अटीवर. “तुझ्या ड्यूट्या मी करते. माझी चोवीसची नाइट आणि पंचवीसचा दिवस तेवढा तू सांभाळ.” व्यवहार तोंडीच, पण ती ते एका छोट्या डायरीत लिहून ठेवायची. मेट्रन बदलली की तोंडी व्यवहार बुडतात, असं तिचं म्हणणं.

त्यामुळे नरकचतुर्दशीला पहाटे सगळी चाळ उटणं लावून, कारीट फोडून खाली फटाके वाजवत असताना आई नाइट संपवून जिना चढत असायची. दिवाळीची नाइट म्हणजे भाजलेल्या पोरांची नाइट. ती घरी आल्यावर आधी बादलीभर गरम पाण्यात पाय सोडून बसायची. तेवढ्यात शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन यायच्या, “सिस्टर, आधी खाऊन घ्या, मग झोपा.” आई चकलीचा तुकडा तोंडात टाकायची आणि अर्धवट झोपेतही निकाल द्यायची, “यंदा मोहन जास्त झालंय.” काकूंना राग यायचा नाही. डिसेंबरात आईच्या चकलीला नावं ठेवायची पाळी त्यांची असायची.

कारण आमच्याकडे फराळ नाताळात. हे बाहेरच्यांना सांगितलं की अजूनही ते चमकतात. “पण तुमच्यात केक करतात ना?” करतात की. केकही करतात. पण नगरकडच्या ख्रिस्ती घरात नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळी, चकल्या, बेसनाचे लाडू, आणि पंचवीसला दुपारी मटण. बाबा नगर जिल्ह्यातले, आई तिथलीच, तालुका वेगळा. दोघांच्याही आयांनी डिसेंबरात चुलीसमोर बसून हेच तळलं होतं, तेव्हा मुंबईत येऊन वेगळं काही करायचं त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

डिसेंबरात फराळ करण्याचा एक मोठा फायदा असतो. गिरणीत रांग नसते. दिवाळीत भाजणी दळायला दोन-दोन तास डबे रांगेत ठेवावे लागत; डिसेंबरात गिरणीवाला आईला बघून आपणहून म्हणायचा, “भाजणी का सिस्टर? द्या, आता ज्वारी झाली की लगेच घेतो.” सोऱ्या काकूंचा, कातणं वरच्या मजल्यावरच्या मावशींचं, मोठी कढई आमची. दिवाळीत ही कढई चाळभर फिरायची आणि डिसेंबरात सोऱ्या आमच्याकडे मुक्कामाला यायचा. करंज्यांच्या दिवशी गॅलरीत चटई पसरून पाच-सहा बायका बसायच्या. आई लाटायची, काकू सारण भरायच्या, मावशी कातण्याने कड कापायच्या. मला ओल्या फडक्याखाली करंज्या झाकून ठेवायचं काम असे. एखादी फुटेल असं वाटलं तर बोट पाण्यात बुडवून कड दाबायची. फुटलेली करंजी तेलाचा सत्यानाश करते, म्हणून त्या कामाला चाळीत फार प्रतिष्ठा होती, निदान माझ्या मते.

केकचं प्रकरण त्या मानाने साधंच. घरी ओव्हन नव्हता. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात मिश्रण घालून, वर नावाची चिठ्ठी लावून डबा नाक्यावरच्या बेकरीत न्यायचा. पाव निघून गेले की दुपारी निवलेल्या भट्टीत बेकरीवाले लोकांचे डबे ठेवत. मनुका आम्ही रममध्ये नाही, काळ्या चहात भिजवायचो. मिशनच्या वळणाच्या घरात दारू केकमध्येसुद्धा चालायची नाही. केक बरा व्हायचा. त्याहून जास्त काही मी त्याच्याबद्दल म्हणणार नाही.

शाळेत मात्र हा प्रश्न हमखास यायचा: नाताळ म्हणजे इंग्रजांचा सण ना? मी एकदा घरी येऊन तसं विचारलं. बाबा मुंबईच्या जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कचेरीत, सॉर्टर होते आणि प्रश्नाचं उत्तर बसून देण्यापेक्षा चालत देणं त्यांना आवडायचं. डिसेंबरातल्या एका रविवारी ते आम्हा दोघा भावंडांना घेऊन व्हीटीला उतरले. आधी बाहेरून जीपीओ दाखवलं: १९१३ साली पूर्ण झालेली इमारत, वरचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. बाबांना त्या घुमटाचा अभिमान होता, जणू त्यांनीच बांधलाय. मग फोर्टात सेंट थॉमस कॅथेड्रल. “हे साहेबाचं चर्च. १७१८ च्या नाताळाच्या दिवशी उघडलं. याच्याकडे जाणारा कोटाचा दरवाजा म्हणून ते चर्चगेट.” मग तिथल्याच पायरीवर बसवून त्यांनी आम्हाला सांगितलं की आपल्या मंडळीचं मूळ इथलं नाही. आपल्याकडे आले ते अमेरिकन मिशनवाले, हॉल आणि नॉट, १८१३ साली, याच मुंबईत. आणि कंपनी सरकारला ते नकोच होते, त्यांना परत पाठवायचे हुकूम निघाले होते. “म्हणजे इंग्रजांनी आणला म्हणशील, तर इंग्रज तेव्हा अडवायला उभे होते.” एवढं बोलून बाबांनी आम्हाला चणे घेऊन दिले. वादात जिंकल्यावर ते नेहमी काहीतरी खाऊ घ्यायचे.

खरं उत्तर मात्र कॅरल पार्टीच्या रात्री मिळायचं. कॅरल हा शब्द तेवढा परका. बाकी पेटी, ढोलकी, टाळ, आणि रेव्हरंड टिळकांची भजनं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला. त्यांनी ख्रिस्ताला जे अभंगाच्या चालीवर बसवलं, त्यामुळे आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांना नाताळ आणि वारी यांच्यात फारसं अंतर कधी वाटलंच नाही. पाळकसाहेब पुढे, मागे मफलर गुंडाळलेले बाप्ये, शालीतल्या बायका, पेंगणारी पोरं. भायखळ्याहून निघायचं, लालबाग, परळ करत वरळीच्या बीडीडी चाळींपर्यंत. दर घरी “सलाम, सलाम”, दोन गाणी, अर्धा कप चहा. मुंबईच्या डिसेंबरात मफलर लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण नाताळ म्हणजे थंडी हवी, म्हणून घालायचे. चाळीत जाग यायची, दारं उघडायची, कुणी चिडायचं नाही. एकदा वरळीत एका माळकरी आजोबांनी ढोलकीवाल्याला थांबवून ठेका नीट करून दाखवला होता. तो मुलगा पुढची सगळी घरं आजोबांच्याच ठेक्यावर वाजवत गेला.

आता गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. कॅथलिक घरांमध्ये तयार पुतळे असतात, मेरी, योसेफ, पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी म्हणजे मागी, त्यांचे उंट. आमच्याकडे पुतळे नव्हते आणि आणायला पैसेही नव्हते. पण चाळीतल्या पोरांनी दिवाळीत किल्ला केलेला असायचा. शिवाजी महाराज अर्थातच वर्षभर कुणाच्या तरी कपाटात जपून ठेवले जात. मावळे मात्र खोक्यात कोंबलेले असत. बाबा ते खोकं मागून आणायचे. जिन्याखाली उरलेली किल्ल्याची लाल माती भिजवून एका जुन्या ट्रेमध्ये टेकडी करायची, तिच्यावर आठवडाभर आधी आळीव पेरायचे, म्हणजे चोवीसपर्यंत हिरवंगार. काड्यापेटीच्या काड्यांची गव्हाणी, आत कापसावर आईने वॉर्डातल्या गॉझमध्ये गुंडाळलेली बोटभर बाहुली. आणि भोवती मावळे. ज्याची ढाल तुटली होती त्याच्या हातात बाबांनी खराट्याची काडी चिकटवली आणि खांद्यावर काळ्या लोकरीचं चिंधूक टाकलं, झाला धनगर. तलवार असलेल्या मावळ्यांचं काय करायचं हा पेच पडायचा. “हे हेरोदाच्या शिपायांकडे लक्ष ठेवायला उभे आहेत,” बाबा म्हणायचे. हेरोद म्हणजे बाळ येशूच्या जिवावर उठलेला राजा. शुभवर्तमानात असा पहारा कुठे नाही, हे मला शब्बाथ शाळेत शिकवलेलं होतं. तरी आमच्या टेकडीवरचा बाळ येशू मला इतरांच्यापेक्षा जास्त सुरक्षित वाटायचा.

चांदणीचंही तेच. दिवाळीनंतर आकाशकंदिलांचे बांबूचे सांगाडे गच्चीत पडलेले असत. त्यातले दोन सोडवून बाबा पाच टोकांची चांदणी बांधायचे, अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलेला पतंगी कागद लावायचे, आत साठचा बल्ब. कागद चिकटवायची खळ आई करायची, त्यात चिमूटभर मोरचूद, झुरळं लागू नयेत म्हणून.

आणि कार्ड.

डिसेंबर हा टपालखात्याचा घाम काढणारा महिना. ग्रीटिंग कार्डं तेव्हा पोत्यांनी यायची. पाकीट उघडं ठेवलं तर बुक पोस्टाच्या स्वस्त दरात जायचं, म्हणून लोक नुसती झडप आत खोचून टाकत, आणि मग सॉर्टिंगच्या टेबलावर पाकिटं एकीकडे, कार्डं दुसरीकडे. बाबा रात्री घरी यायचे तेव्हा त्यांच्या बोटांना शाईचे डाग असत आणि बोलायला त्राण नसे. लोकांच्या शुभेच्छा लावून लावून आलेला हा माणूस आपल्या मुलांना मात्र ग्रीटिंग कार्ड देत नसे. आम्हाला येई ते १५ पैशांचं पोस्टकार्ड. तेवीस किंवा चोवीस तारखेच्या दुपारच्या बटवड्यात पोस्टमन खालून हाक मारायचा, आणि आम्हा दोघांच्या नावाचं एकेक कार्ड वर यायचं. सांताक्लॉजचं नाही. आमच्या घरी सांताक्लॉज कधी आला नाही. पत्र असायचं बेथलेहेमच्या मेंढपाळाचं.

“चि. बाळास अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, इकडे थंडी बरी आहे. मेंढरं सुखरूप. एक लंगडतं आहे, त्याला खांद्यावर घेऊन फिरतो. तू गणिताच्या वहीला अजून कव्हर घातलं नाहीस असं कळलं. चोवीसच्या आत घालावे. आईच्या पायांना तेल लावून देत जावे. कळावे.” अक्षर फार सुंदर, गोल, शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी. बाबांचं अक्षर आम्ही ओळखत होतो, ते हे नव्हे. आईचं तर औषधाच्या चिठ्ठीत शोभेल असं. मग लिहितो कोण? आणि वहीचं त्याला कसं कळलं?

शंका मी काढत असे. कार्डावर ‘भारत’ छापलेलं कसं? बाबा म्हणत, मेंढपाळ परदेशी टपालाबरोबर आला असेल, बॅलार्ड इस्टेटला फॉरिन पोस्टात उतरला असेल, तिथेच कार्ड घेऊन लिहिलं असेल. शिक्का मुंबईचा कसा? तिथेच टाकलं तर तिथलाच पडणार. भावाला उत्तर पाठवायचं होतं, तर बाबा गंभीरपणे म्हणाले, “मेंढपाळ फिरतीवर असतो. पत्ता अपुरा असेल तर पत्र परत येतं, सरकारी खर्च वाढतो.” नगरकडे मेंढरं घेऊन हिंडणारे धनगर आम्ही मे महिन्यात पाहिलेले, त्यामुळे हे आम्हाला पटलं. एका गोष्टीचा मात्र आम्हाला कधी अचंबा वाटला नाही: दोन हजार वर्षांपूर्वीच्या या मेंढपाळाला आमचा पिनकोड पाठ होता. दर कार्डावर सहाही आकडे, ४०००२७, चौकोनात नीट. बाबांच्या घरात पिनकोडशिवाय पत्र येणं शक्यच नव्हतं, मग ते स्वर्गातून का येईना. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, शिवाय संस्कृतचे पंडित, हे बाबा पाहुण्यांना चहाबरोबर सांगत.

मग १९९२ चा डिसेंबर आला. सहा तारखेला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतर मुंबई पेटली आणि भायखळा-नागपाडा त्याच्या मधोमध. संचारबंदी लागली. आई हॉस्पिटलातच अडकली. काही दिवस फोनवरून वाण्याच्या दुकानात निरोप यायचा एवढंच. परत आली ती न बोलता झोपली. त्या वर्षी तिने हॉस्पिटलात काय पाहिलं हे आम्हाला तिने सांगितलं नाही, अजूनही सांगत नाही. कॅरल पार्टी रात्रीची निघाली नाही. दिवसाउजेडी जवळच्या दोन-तीन गल्ल्यांत गाऊन मंडळी घरी गेली. गॅलरीत करंज्यांना बायका कमी होत्या, काहीजणी मुलांना घेऊन गावी गेल्या होत्या. मला वाटलं होतं, यंदा काहीच होणार नाही.

चांदणी मात्र लागली. कार्डंही आली, चोवीसला, नेहमीच्या वेळेला. माझं हातात घेतलं आणि अक्षर बघून चरकले. शब्द तेच, “पत्रास कारण की”, पण रेघा वेड्यावाकड्या, उजवीकडे कलंडलेल्या, कुणीतरी डाव्या हाताने लिहिल्यासारख्या. खाली पिनकोड. त्यातल्या इंग्रजी सातच्या पोटात एक छोटी आडवी रेघ. ती रेघ मी ओळखत होते. एक आणि सात यांची गल्लत झाली तर पत्र भलत्याच ऑफिसला जातं, म्हणून सॉर्टरने सातला रेघ मारावी, हे बाबांनी मला गृहपाठ तपासताना शिकवलं होतं. डावा हात वापरूनही त्यांची ती सवय सुटली नव्हती.

मी काही बोलले नाही. भाऊ लहान होता, तो लंगड्या मेंढराची चौकशी करत होता. नंतर, पुष्कळ नंतर, कळलं की सुंदर अक्षराचे ते गृहस्थ बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. त्या डिसेंबरात त्यांनी कुटुंबाला रत्नागिरीकडे गावी पोचवलं आणि स्वतःही महिनाभर आले नाहीत. पुढच्या नाताळला अक्षर पुन्हा गोल झालं होतं. ते कार्ड हातात घेतल्यावर मला जितकं हायसं वाटलं, तितकं माझा विश्वास शाबूत असतानाच्या एकाही कार्डाने वाटलं नव्हतं.

आता आई-बाबा कल्याणला असतात. आई पंचाहत्तरी ओलांडून गेली, बाबा तिच्याही पुढे. मॉलमधून डिसेंबरभर लाल टोप्या विकतात, माझी त्याला ना नाही. माझ्या सोसायटीतल्या पोरांना त्यात मजा येते. पण मध्ये एकदा आईकडे कपाट आवरताना त्या ड्यूट्यांच्या डायऱ्या हाती लागल्या आणि मी जमिनीवर बसून वाचत राहिले. “गणपती ३ नाइट — बदल्यात २५ डिसें.” “लक्ष्मीपूजन ईव्हनिंग, पाडवा मॉर्निंग — बदल्यात २४ नाइट.” वर्षामागून वर्षं हेच. एका पंचवीसला सुट्टी मिळावी म्हणून तिने किती रात्री मोजल्या होत्या, ते पानापानावर तिच्या त्या गिचमिड अक्षरात होतं.

मी म्हटलं, “आई, तू आमच्यासाठी एवढं केलंस.” ती लसूण सोलत होती. म्हणाली, “तुमच्यासाठी कशाला? सगळ्याच जणी करायच्या.” थोड्या वेळाने, सोललेल्या पाकळ्या बाजूला सारत म्हणाली, “दिवाळीची नाइट मला आवडायची नाही, खोटं कशाला बोलू. भाजलेली पोरं रात्रभर रडतात. पण पंचवीसला सुट्टी द्या हो, माझा सण आहे हो, असं मला कुणापुढे म्हणायचं नव्हतं. मी माझी सुट्टी कमावून घेत होते.”

आम्हा भावंडांना हेच त्यांच्याकडून मिळालं. ज्या चाळीत आमचं एकच घर ख्रिस्ती होतं, तिथे नाताळ कधी कुणाच्या मेहेरबानीने साजरा झाल्यासारखा वाटला नाही, आणि कुणाला समजावून सांगत बसावा असाही वाटला नाही. आईने तो हिशेबाने मिळवलेला होता. बाबांनी तो किल्ल्याच्या मातीतून, कंदिलाच्या कामट्यांतून उभा केलेला होता. आम्ही फक्त आळीव उगवलेत का ते बघायला सकाळी उठत होतो.

भाऊ आता बंगळूरला आहे. त्याची मुलगी पहिलीत गेली, मराठी जोडाक्षरं अडखळत वाचते. तिला मेंढपाळाचं कार्ड जायला हवं असं बाबांनी जाहीर केलं आणि लिहायचं काम माझ्यावर टाकलं, कारण त्यांचा हात आता थरथरतो आणि मुलगी त्यांचं अक्षर व्हिडिओ कॉलवर बघून ओळखते. ५० पैशांचं पोस्टकार्ड मागितलं तर खिडकीवरच्या मुलीने ड्रॉवर बराच वेळ उपसला. मी दहा घेऊन ठेवली.

“पत्ता वाचून दाखव,” बाबा म्हणाले. मी वाचला. “पिन?” तोही वाचला. “अठराच्या आत टाक. नाताळात टपाल तुंबतं.”

“आता कुठे तुंबतंय, बाबा? कार्डं कोण पाठवतं?”

“तरी अठराच्या आत,” ते म्हणाले, आणि स्वयंपाकघरातून आईने विचारलं की भाजणी दळायला कोण जाणार आहे, का तिनेच जायचं.